हेराल्डच्या मानेवर

सोलापूरला माणसं चादरी आणायला जातात. मी गाडीला हुक बसवून घ्यायला गेले होते. परत आल्यापासून जो भेटतो तो आधी "चादरी आणल्यात का?" असं विचारतो, आणि मी हुकाचं सांगायला लागले की त्याला एकदम काहीतरी काम आठवतं. तेव्हा एकदाचं लिहूनच काढते. ज्यांना चादरीत रस असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

आधी गाडीबद्दल. माझी गाडी हेराल्ड आहे. चार दारांची, बुटकी, दिसायला अगदी गरीब. पण ज्याच्याकडून मी ती घेतली तो गृहस्थ मोटारींच्या शर्यतीत उतरणारा होता. त्याने इंजिनाला दोन कार्बोरेटर लावले होते, धुराची नळी मनगटाएवढी जाड करून घेतली होती आणि गाडी जमिनीला आणखी टेकवली होती. ती सुरू केली की आमच्या वाड्यातली दूध घेणारी माणसं पातेल्यावर हात ठेवतात. आमचे यजमान तिला "माझी सवत" म्हणतात. मीही तिच्यातून दोनदा स्पर्धेत उतरले आहे आणि एकदा बऱ्यापैकी वरच्या नंबरात आले आहे. हे सांगायची गरज नव्हती, पण संधी आली की मी सांगते.

आता अशा गाडीला मागे हुक लावून तिच्याकडून गाडा ओढवायचा विचार कुणाच्या डोक्यात येईल? माझ्याच आला. आमच्या भागातल्या बायकांच्या उद्योगकेंद्रात विणकाम शिकवायला बाई हवी होती. सोलापूरची नरसव्वा येऊन विणून दाखवून गेली. तिचा हात बघून कमिटीतल्या सगळ्याजणी गप्प झाल्या, आणि आमच्या कमिटीत ते सहसा होत नाही. पण केंद्राकडे माग नव्हता. अट अशी ठरली की नरसव्वाने आपला माग घेऊन यायचा आणि सोमवारी सकाळी वर्ग सुरू करायचा. नाही जमलं तर पुण्यातल्याच दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या घरी माग तयार होता.

नरसव्वाच्या दृष्टीने ही नुसती नोकरी नव्हती. तिचा नवरा राजय्या पूर्वी विणायचा. कापसाचा भुगा छातीत बसून बसून त्याला खोकला जडला, तेव्हापासून मागावर ती बसते. घर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत माग, म्हणजे सगळं घर त्या भुग्यातच जेवणार आणि झोपणार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला या खोलीतून बाहेर काढा. आमच्या केंद्रात विणकामाची खोली वेगळी आणि राहायच्या दोन खोल्या वेगळ्या. राजय्या आणि त्यांच्या दोन मुली, सगळेच तिथे येऊ शकणार होते, फक्त माग वेळेवर आणि धड पोचायला हवा होता.

माग ट्रकने आणावा असं कमिटीत निघालं. मागच्या वर्षी आमचे चरखे ट्रकने आले होते, तेव्हा उतरवून घेताना एकाचे दोन झाले होते. मी तिथल्या तिथे म्हणून बसले, "मी आणते." कसा, ते नंतर बघू.

पुण्यातल्या तीन गॅरेजवाल्यांनी मला वाटेला लावलं. "बाई, ही गाडी पळायला केलीय, ओढायला नाही," हे तिघांचंही म्हणणं. आमच्या ओळखीच्या एका हौशी गृहस्थांची शिडाची नाव होती, ती ते मोटारीमागून धरणावर नेत. त्यांनी मला आपल्या जुन्या गाड्याचा लोखंडी गोळा आणि त्याच्यावर बसणारी वाटी दिली. गोळा मोटारीला, वाटी गाड्याला. वाटी गोळ्यावर बसवून खिट्टी लावली की झालं. इकडे नरसव्वाचा निरोप आला की वळसंगला बैलगाड्या करणारे मिस्त्री आहेत, त्यांनी जीपच्या आसावर दोन चाकांचा गाडा केलाय, ज्याने सांगितला तो न्यायला फिरकलाच नाही. तेव्हा गोळा आणि वाटी शेजारच्या सीटवर ठेवून मी एकटीच निघाले.

शुक्रवार पेठ

पुणे ते सोलापूर हा रस्ता मी वर्णन करणार नाही. सरळ आहे, लांब आहे आणि पळसदेवच्या आसपास मला झोप येते.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, नरसव्वाच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा आवाज ऐकून लोक बाहेर आले. मला वाटलं आता नावं ठेवतील. पण त्या गल्लीत सकाळपासून मागांचा खटक-खटक आवाज चाललेला असतो, आणखी एका आवाजाचं तिथे कुणाला काही नव्हतं. त्यांना कौतुक होतं ते बाई गाडी चालवतेय याचं. "एकटीच आलाव व्हय?" हा प्रश्न मला दारापर्यंत पोचेस्तोवर चौघींनी विचारला. पुण्यात हाच प्रश्न विचारतात तेव्हा त्यात थोडा ठपका असतो. इथे नुसती चौकशी होती.

"हुक आणलाय बरं का मी," मी उतरता उतरता नरसव्वाला म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "हुक कशाला की, बाई? माज्या जकार्डातली सगळी हुकं नीट हायती. कालच तेल घातलंय."

मग उलगडा झाला. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं एक जड लोखंडी खोकं बसतं. त्यात बारीक सुया आणि हुकं दाटीवाटीने उभी असतात, ती धागे उचलतात आणि खाली कापडात फूल उमटतं. नरसव्वाच्या जगात हुक म्हणजे ते. तिला वाटलं, पुण्याच्या कमिटीला तिच्या जकार्डात खोट दिसली आणि मी सुटे भाग घेऊन आले. मी गोळा काढून दाखवला. राजय्याने तो तळहातावर तोलला, "ह्यो हुक व्हय?" म्हणाला, आणि हसायला लागला. हसता हसता खोकला लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही. नरसव्वाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तोपर्यंत आम्ही सगळे गोळ्याकडे बघत राहिलो.

माग सोडवून ठेवला होता. लाकडं एका बाजूला बांधलेली, धागे ओवायच्या फण्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या, आणि जकार्ड वाकळेत, आजारी माणसाला निजवावं तसं. ते नरसव्वाच्या वडिलांचं. त्यातली सुई वाकली तर सोलापुरात सरळ करून देणारी माणसं आहेत, पुण्यात कोण आहे, असं ती मला दोनदा म्हणाली.

जेवायला कडक भाकरी, डाळीची आमटी आणि शेंगांची चटणी. कडक भाकरी म्हणजे काय ते न खाल्लेल्यांना सांगते: ती पापडासारखी वाजते, महिनाभर टिकते आणि आमटीत चुरून खायची असते. मी पुणेरी पद्धतीने तिचा सुबक घास तोडायला गेले आणि अर्धी भाकरी राजय्याच्या मांडीवर जाऊन पडली. धाकट्या मुलीने मग मला मुठीने फोडून दाखवली. चहाचंही तसंच. आमच्याकडे आधी "चहा घेणार का?" विचारतात आणि पाहुण्याने नाही म्हणायचं असतं. इथे कप हातात देतात आणि मग विचारतात, "साखर कमी तर न्हाय?"

वळसंग

दुसऱ्या दिवशी नरसव्वाला घेऊन वळसंगला गेले. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली. रस्ता असा की हेराल्डचं पोट तीन ठिकाणी घासलं, आणि तिन्ही वेळा मी उतरून खाली वाकून बघितलं.

मल्लप्पा मिस्त्रींचं काम चिंचेच्या झाडाखाली चालतं. पन्नाशीचा माणूस, अंगाने वाळका, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "अक्का, हिचं तोंड उघडा की."

हेराल्डचं बॉनेट पुढच्या चाकांवरच्या पंखांसकट सगळं पुढे उलटतं. मी ते उलटलं तेव्हा जमलेल्या मंडळींनी "आगागागा" केलं. मिस्त्रींना इंजिनात मात्र रस दिसला नाही. ते सरळ जमिनीवर पाठ टेकून गाडीच्या खाली गेले आणि आतून त्यांचा आवाज आला, "हिला कणा हाय की!"

हेराल्डला खालून लोखंडी सांगाडा असतो आणि वरचं अंग त्याच्यावर बसवलेलं असतं. त्या सांगाड्याचे दोन बाहू मागे जिथे संपतात तिथे पट्टी बसवायची, पट्टीला मधोमध गोळा. पट्टी त्यांनी भट्टीत लाल करून वाकवली. ती पहिल्यांदा लावून बघितली तर माझी ती जाड नळी मधे आली.

"नळी कापू या जरा," मिस्त्री म्हणाले.

"ब्याडा," मी म्हटलं. नको म्हणायचा हा कानडी शब्द मी सकाळपासून ऐकत होते. तो माझ्या तोंडून निघाल्यावर मिस्त्री खालून बाहेर आले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि पट्टी परत भट्टीत घातली. ती नळीला वळसा घालून जाईल अशी पुन्हा वाकवली. यात दुपार झाली.

भोकं पाडायची वेळ आली तेव्हा मी तिथून उठून ज्वारीच्या कडेला जाऊन उभी राहिले. हाताने फिरवायचं ड्रिल, कर्रकर्र आवाज, आणि प्रत्येक फेरा माझ्या दाढेत. या गाडीला परत शर्यतीत कुणी उभं करून घेणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी मला कमिटीचा, सोलापूरचा आणि स्वतःच्या जिभेचा मनापासून राग आला. नरसव्वा मागे येऊन उभी राहिली होती. तिने कणीस चोळून हुरडा माझ्या हातावर ठेवला. तो गोड होता, आणि मी पुन्हा चिंचेखाली गेले.

पट्टी बसली, बोल्ट आवळले, गोळा चढला. मिस्त्रींनी तीन दणकट माणसांना गाडीच्या डिकीवर बसायला सांगितलं. हेराल्डची मागची चाकं सुटी सुटी असतात. वजन पडताच ती दोन्हीकडे फाकली.

"नोड्री, नोड्री!" मिस्त्री ओरडले. "बघा, कशी पाय फाकवून हुबी राहिली! साकु, साकु, पुरे, उतरा की." माणसं उतरली. मिस्त्री गाडीच्या मागे उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही चाकं हाताने हलवून बघितली. मग म्हणाले, "हिची मान नाजूक हाय, अक्का."

मान म्हणजे मागची बाजू. गाडा जिथे जोडायचा ती मान, मग ती पुढे असो की मागे.

नंतर त्यांनी मला जे सांगितलं ते मी इथे त्यांच्याच शब्दांत लिहिते. "दोन चाकाच्या गाडीला दोनच रोग. मागं वजन झालं तर उलाळ, पुढं झालं तर धुरजड. उलाळ झाली तर जू वर उचललं जातंय. धुरजड झाली तर समदं बैलाच्या मानंवर. मुकं जनावर, त्याला सांगाया येतंय व्हय? मानंला गाठ येती, मग पू हुतो, तरी बी वडतंयच." त्यांनी झाडाला बांधलेला आपला बैल दाखवला. म्हातारा झाला होता, पण खांदा साफ होता. मिस्त्रींच्या हातची गाडी भरल्यावर जू एका बोटाने उचललं गेलं पाहिजे, नाहीतर ती त्यांच्या झाडाखालून हलत नाही. वळसंगात ही त्यांची ख्याती आहे, नरसव्वाने ती सोलापुरात ऐकली होती.

म्हणून त्यांनी गाड्याच्या दांडीला वाटी बसवताना आसही सोडवला आणि वीतभर पुढे घेतला, म्हणजे हेराल्डच्या मानेवर काही येऊ नये. मी बघितलं आणि म्हटलं, "मिस्त्री, आणखी चार बोटं घ्या की पुढे." माझ्या गाडीचे फाकलेले पाय माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. त्यांनी आणखी चार बोटं घेतला. आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं.

निघताना मिस्त्रींच्या बायकोने गोळ्याला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडला. गोळ्याला मी आधीच ग्रीस फासलं होतं, त्यामुळे कुंकू असं काही चिकटलं की ते आजही पुरतं निघालेलं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण लिंबू चाकाखाली फुटल्याचा आवाज मी नीट ऐकून घेतला, एवढं कबूल करते.

मोहोळच्या पुढे

शुक्रवार पेठेत परत येऊन माग मिस्त्रींनी सांगितलं तसाच भरला: लाकडं मधे, फण्या पुढे आणि सगळ्यात जड ते जकार्ड पार मागच्या फळीला. राजय्या प्रत्येक दोरीला "जाग्रत्ता, जाग्रत्ता" म्हणत होता. सांभाळून, हे त्याचं तेलुगू सांगणं. भरून झाल्यावर मी दांडी एका बोटाने उचलून दाखवली. मग गल्लीतल्या प्रत्येकाने आपल्या बोटाने उचलून बघितली. थोरल्या मुलीने करंगळीने उचलली आणि टाळ्या पडल्या. रविवारी सकाळी मी आणि नरसव्वा निघालो. ती मागच्या सीटवर बसली. राजय्या मुलींना धरून उभा होता, त्याने नुसता हात वर केला.

गावातून बाहेर पडेपर्यंत गाडा गुणी निघाला. जड आहे की हलका, कळतही नव्हतं. मोहोळ मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, माझा पाय आपोआप खाली गेला.

आधी वाटलं, वारा आहे. स्टिअरिंग हातात हलकं झालं. मग गाडीची मागची बाजू डावीकडे गेल्यासारखी वाटली, मग उजवीकडे. आरशात बघते तर गाडा झोपाळ्यासारखा या कडेला जातोय आणि त्या कडेला. मी शर्यतीत भाग घेतलेली बाई. मला वाटलं सावरते. ब्रेकवर पाय ठेवला आणि ते सगळं दुप्पट झालं. आता गाडा मोटारीला नेत होता, मोटार गाड्याला नव्हे. समोरून उसाची बैलगाडी येत होती. मला तिच्या बैलांची शिंगं दिसली, त्यांना बांधलेले गोंडेही दिसले. मी पाय उचलला, चाक घट्ट धरलं, आणि आम्ही मुरमात शिरून आडवे थांबलो. गाड्याचं एक चाक चरात गेलं होतं. मागे काहीतरी लोखंडी आपटल्याचा आवाज झाला.

माझे हात अजून स्टिअरिंगवरच होते. दार उघडायला मला जमेना. नरसव्वा केव्हाच उतरून मागे गेली होती.

मागची एक दोरी तुटली होती, जकार्ड कलतं झालं होतं. तिने वाकळ बाजूला केली, आत बोटं घातली आणि एकेक सुई चाचपत गेली. मी शेजारी उभी राहिले.

"वाकल्यात," ती शेवटी म्हणाली. "थोड्या हायती. सरळ करीन. अजून आपटलं तर मग न्हाय व्हायचं."

मी म्हटलं, आपण बैलगाडीच्या चालीने जाऊ. ती म्हणाली, "तसं गेलं तर सोमवारी कवा पोचणार?" पुढे पुण्यापर्यंतचा सगळा रस्ता पडला होता आणि माझा त्या गाड्यावरचा विश्वास उडाला होता. मी म्हटलं, मोहोळला परत जाऊ आणि ट्रक बघू. असं म्हणताना मला आमचे दोन तुकड्यांचे चरखे दिसत होते.

नरसव्वाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ट्रक नगं. जकार्ड पुढं घ्या."

"कुठे पुढे?"

"गाड्याच्या ह्या टोकाला. मोटारीजवळ. मी मागं वळून बघलाले, मला नुसती लाकडं दिसलाली. जकार्ड पार तिकडं, ते कलतंय का पडतंय, मला काय कळालं न्हाय. आता ते काचेतनं मला दिसलं पायजे. मग हाका किती हाकायचं ते."

मला तिच्या सांगण्यात काही अर्थ दिसत नव्हता. पण दुसरं काही सुचतही नव्हतं, आणि जकार्ड तिचं होतं. उसाच्या गाडीवाल्याने बैल कडेला उभे केले होते, तो मदतीला आला. चाक चरातून काढलं, लाकडं मागे सरकवली, आणि जकार्ड उचलून पुढच्या फळीला आणलं. ते टेकवताच हेराल्डची मागची बाजू खाली बसली आणि चाकं फाकली.

गाडीवाल्याला ते बघवेना. "बाई, धुरजड केलाव की गाडी! मान मोडंल तिची."

"मोडू दे," नरसव्वा म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिने जीभ चावली. "तसं न्हाय, बाई..."

"असू दे," मी म्हटलं. मला वाईट वाटलं होतं, पण भांडायची ताकद नव्हती.

निघालो. मी आधी अगदी हळू, मग जरा जास्त, मग काटा भीत भीत चाळिसावर. गाडा मागून येत होता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, नुसता मागून. मी आरशात बघत होते, मला नरसव्वाची पाठ दिसत होती. ती सीटवर उलटी गुडघे टेकून बसली होती, दोन्ही तळवे काचेला लावून. माढ्याच्या फाट्यावर ऊस रस्त्यापर्यंत आलेला होता, तिथे मी मुद्दाम थोडं वेगात घेतलं. काही झालं नाही. टेंभुर्णीला चहा प्यायला थांबलो तेव्हा मी खिट्टी काढून गाड्याची दांडी उचलून बघितली. एका बोटाने सोडा, दोन हातांनी उचलेना.

तिथे चहाचा कप हातात धरून मला उमगलं. बैलाच्या मानेवरचं ओझं काढायला मिस्त्री जन्मभर शिकले आणि मी माझ्या लाडक्या गाडीच्या कौतुकात त्याच्यावर चार बोटं चढवली. पण बैल सावकाश चालतो. वेगात जाणाऱ्या मोटारीच्या मागे मान हलकी ठेवली की मागचा गाडा मोकाट सुटतो. त्याला ताब्यात ठेवायचं तर मोटारीने थोडं ओझं मानेवर घेतलंच पाहिजे. हे मी नरसव्वाला समजावून सांगायला लागले. ती म्हणाली, "व्हय का? मला तर नुसतं दिसाया पायजे हुतं."

सोमवार

दिवेलागणीला पुण्यात पोचलो. त्याच संध्याकाळी तिने चिमटा मागून घेतला आणि सुया सरळ केल्या. सकाळी माग उभा केला. कमिटी ओळीने बसली, दुसऱ्या बाईही बघायला आल्या होत्या, आणि हे मला अजिबात आवडलं नाही. पहिल्या वीतभर कापडात एक फूल एका पाकळीने तुटकं आलं. नरसव्वा थांबली, वर हात घालून एक सुई दाबली, पुन्हा बसली. पुढची फुलं पुरी आली. अध्यक्षीणबाईंनी कापडाला हात लावला आणि म्हणाल्या, "तीन महिने बघू."

मी त्या रात्री यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझी सवत आता संसारी झाली."

पुन्हा शुक्रवार पेठ

तीन महिने झाले, नरसव्वाची जागा पक्की झाली. मग मी आणि ती गाडा घेऊन राजय्याला आणि मुलींना आणायला गेलो. मल्लप्पा मिस्त्रींना निरोप धाडला होता. ते लोखंड घ्यायला शहरात येणारच होते, अवजारं घेऊनच आले.

मी त्यांना मोहोळच्या पुढे काय झालं ते सांगितलं, माझी चार बोटं धरून. ते तंबाखू चोळत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी मानंवर द्याया पायजे हुतं."

"हो. थोडं."

"तिला दुकत न्हाय व्हय?"

"नाही, मिस्त्री. लोखंड आहे ते."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पण त्यांनी आस सोडवला आणि मागे घेतला. मग गाडा भरला: पत्र्याची ट्रंक, वाकळा, भांडी, कांड्या भरायचा चरखा, मुलींची दप्तरं, कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधून. जड ते सगळं पुढे. मागाविना ती पुढची खोली एवढी मोठी दिसत होती की राजय्या तिच्यात जाऊन उगाच एकदा उभा राहून आला.

शेवटी मिस्त्रींनी सवयीने दांडीखाली एक बोट घातलं. दांडी हलली नाही. मग त्यांनी दोन्ही हात लावले, कशीबशी उचलली आणि तशीच धरून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता.

"लई जड झालं, अक्का."

मी पुन्हा वेगाचं आणि वजनाचं सांगायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी नरसव्वा बोलली.

"घर हाय की त्यात, मिस्त्री," ती म्हणाली. "जड आसणारच."

मिस्त्रींनी वाटी गोळ्यावर टेकवली आणि खिट्टी लावली. हेराल्ड खाली बसली, तिची चाकं फाकली. मग त्यांनी डिकीवर तळवा ठेवला आणि बैलाला थोपटतात तसं दोनदा थोपटलं.

"चल, बाई," ते म्हणाले. ते मला नव्हतं.